परक्या दारचं रडणं

पाणी खळखळ उकळत होतं, पण थर्मामीटरचा पारा त्र्याण्णववर येऊन थांबला होता. सुगंधाने नळी पुन्हा पाण्यात सोडली, भांड्याच्या तळाला टेकणार नाही एवढी वर धरली आणि चष्म्यावरची वाफ पदराने पुसून पाहिलं. त्र्याण्णव. पुढे रेघभरही नाही.

मालवणहून निघताना नववीच्या मुलांनी तिला बजावलं होतं, "बाई, एवढ्या उंच जाताय तर पाणी किती अंशांना उकळतं ते बघून या." तिने पुस्तकातलं कोष्टक दाखवलं, तरी त्यांचं समाधान झालं नाही. पुस्तकवाल्याला काय, तो छापील काहीही. बाईंनी स्वतः बघितलं म्हणजे खरं. म्हणून प्रयोगशाळेतलं थर्मामीटर लुगड्यांच्या घडीत गुंडाळून तिने एल्ब्रुस पर्वताच्या पायथ्यापर्यंत आणलं होतं. आणि मुलांचं काम करता करता ती भातही शिजवत होती, कारण रोज मेंढीचं मांस आणि पाव खाऊन बरोबरची मंडळी टेकीला आली होती आणि सासूने बांधून दिलेला उकडा तांदूळ तिच्याच ट्रंकेत होता.

भात काही शिजत नव्हता. वरून फुलायचा, आत शिताच्या पोटात पांढरा कण तसाच.

"बाई, हा भात आहे की छर्रे?" पहिला घास घेऊन नागपूरचे प्राध्यापक म्हणाले. ते मंडळाचे पुढारी होते. "सानियतला विचारा, इथे दात फुकट बसवून देतात का."

सानियत म्हणजे त्यांची वाटाडी. चर्केस मुलगी, नालचिकच्या शिक्षणसंस्थेत इंग्रजी शिकलेली. करड्या कोटात सदा ताठ उभी असायची आणि हात करून म्हणायची, 'कृपया इकडे पाहा.' आज मात्र ती चुलीशी उकिडवी बसून हसत होती. "पण पाणी तर उकळतंय," ती म्हणाली.

"उकळतंय, पण पुरेसं तापत नाही," सुगंधा म्हणाली. "इथे हवेचा दाब कमी, म्हणून लवकर उकळतं. नुसत्या उकळण्याने काही शिजत नाही."

सन चौसष्टचा सप्टेंबर होता तो. भारत-रशिया मैत्री संस्थेच्या आमंत्रणावरून भारतातले बारा शिक्षक कॉकेशस पर्वत पाहायला आले होते, आणि त्यांत मालवणच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या सुगंधा तांडेल होत्या. चौतीस वर्षांच्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत. बाकीच्या दोन शिक्षिकांनी प्रवासात टिकली लावायला सुरुवात केली होती. सुगंधा मात्र रोज सकाळी करंडा उघडून बोटाने गोल रेखायची, आणि तो रेखीव येईपर्यंत तिचा हात थांबत नसे.

ते कुंकू कोणाचं, हे बरोबरच्यांपैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

एकावन्न साली दिवाळी आटोपून तिचा नवरा भिकाजी आपली फत्तेमारी, शिडाची मालवाहू होडी, घेऊन कौलं आणायला मंगळूरला गेला. येताना वादळ झालं. बरोबरच्या दोन फत्तेमाऱ्या कारवारच्या आडोशाला शिरल्या, भिकाजीची पुढे गेलेली होती. पुन्हा ती कोणी पाहिली नाही. फळकूट नाही, दोर नाही, खलाशी नाही, प्रेत नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली, सुगंधा मॅट्रिक. वर्षभर ती ओटीवर बसून राहिली, तेव्हा सासूनेच, तुळसाने, तिला उठवलं. "तो येईसर तुझो जीव खंय रमतलो गो? जा, शीक." आणि हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडून तिला कोल्हापूरला कॉलेजात धाडलं. त्यांच्या मेढा वाडीतली माणसं कुजबुजली, घोव दर्यात नि बाईल कॉलेजात. तुळसाने विहिरीवर सगळ्यांच्या देखत विचारलं, "तुमच्या चुलीर शिजता काय ता?"

गेल्या वर्षी बारा वर्षं भरली. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पुतळा करतात, पळसाच्या पानांचा. दर्भाने बांधतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग त्या माणसाचे दिवस करता येतात, पिंड देता येतो आणि बायकोचं कुंकू जातं. भटजी येऊन सांगून गेले. तांडेलांच्या घरात मात्र एक रीत होती: बायको जिवंत असली तर तिच्या तोंडून होकार आल्याशिवाय पुतळ्याचं पान तोडायचं नाही.

धाकटा दीर गणपत मान खाली घालून तिच्यापुढे उभा राहिला. "वयनी, तू काय म्हणतंस?"

सुगंधाने शाळेत विचारावं तसं विचारलं, "पुरावो काय?" तिने वाऱ्याचं सांगितलं, पाण्याच्या ओढीचं सांगितलं, तुटकी होडी अरबस्तानच्या किनाऱ्याला लागल्याची उदाहरणं सांगितली. जे पाहिलं नाही ते झालंच असं कसं मानायचं? तुळसा दाराआडून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हवांदे गणपत. तिका वाटात तेवा बघूया."

तेव्हापासून घरात तो विषय निघाला नव्हता. सुगंधाने त्याचा अर्थ असा लावला होता की सासूही आपल्यासारखीच वाट पाहते आहे. दोघी मिळून पाहताहेत, म्हणून ती आशा तिला खुळी वाटत नसे.

चर्केस्क गावात त्यांना नाच दाखवले गेले. छातीवर काडतुसांच्या खोबणी असलेले लांब अंगरखे घातलेले पुरुष पायांच्या बोटांवर नाचत होते, आणि बायका अशा सरकत होत्या की झग्याखाली पाय आहेत की चाकं, असा प्रश्न पडावा. सानियत समजावून सांगत होती. आम्ही चर्केस आणि वरच्या दऱ्यांतले कराचाय, बल्कार यांची बोली अगदी वेगळी, त्यांची तुर्कांकडची. पण टोपी तीच, नाच तेच, चीज तेच. डोंगर एक असला की माणसं सारखी होतात.

"आणि नवी सून," ती म्हणाली, "सासऱ्यासमोर बोलत नाही. महिनोन् महिने, कधी वर्षं. मग सासरा तिला काहीतरी भेट देतो आणि म्हणतो, आता बोल. तेव्हा तिचं तोंड उघडतं."

"ही चाल आमच्याकडे आणायला हवी," प्राध्यापक म्हणाले.

"आणा की," पुण्याच्या बाई म्हणाल्या. "भेट मात्र परवडेल अशी नको."

सगळे हसले. सुगंधाही हसली.

दुसऱ्या दिवशी बस चेगेमच्या खोऱ्यात शिरली. दोन्हीकडून कडे इतके जवळ आले की आभाळाची चिंधी उरली. सानियत उजवीकडचे धबधबे दाखवत होती. सुगंधा डावीकडे पाहत होती. तिथे उतारावर दगडी घरांचं गाव होतं, छपरं नसलेलं. भिंती उभ्या, चुलीचे कोनाडे काळे. एका घराच्या आत, जिथे माणसं निजत असतील तिथे, एक झाड वाढलेलं होतं. तिने सवयीने त्याच्या खोडाकडे पाहिलं. मांडीएवढं जाड. म्हणजे दोन-चार वर्षांची गोष्ट नव्हे.

"हे गाव कोणाचं?" तिने विचारलं.

"जुनं गाव. माणसं खाली राहायला गेली," सानियत म्हणाली.

"सगळी? एकदम?"

सानियतचा हात उजवीकडे झाला. "कृपया इकडे पाहा. हा सर्वांत उंच धबधबा."

दुपारी त्यांना एका मेंढपाळाच्या घरी चहा होता. कार्यक्रमात छापलेलं होतं तसं, आदर्श कुटुंब. मेंढपाळ कुरणात होता. घरात त्याची म्हातारी आई आमिनत होती आणि सून. सुनेने चीज भरलेल्या गरम पातळ पोळ्या आणल्या, त्यावर लोणी ओतलं आणि काही न बोलता भिंतीपाशी उभी राहिली. जमिनीवर लोकरीचा जाड नमदा होता, पांढऱ्यावर काळी मेंढ्यांची शिंगं. प्राध्यापकांनी आभाराचं भाषण केलं. म्हातारीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती सुगंधाच्या कपाळाकडे पाहत होती.

तिने तुटक्या रशियनमध्ये काही विचारलं. सानियतने इंग्रजीत सांगितलं, "ते लाल काय आहे, विचारते."

पुण्याच्या बाईंनी परस्पर उत्तर दिलं, "नवरा जिवंत असल्याची खूण."

म्हातारीने मान हलवली. "कुठे असतो?"

"समुद्रावर," सुगंधा म्हणाली.

"घरी कधी येतो?"

यावर नेहमी द्यायचं एक उत्तर तिच्यापाशी होतं. पण परक्या देशात, पुन्हा कधी न भेटणाऱ्या बाईपुढे, तिच्या तोंडून खरं निघून गेलं. "गेला त्याला तेरा वर्षं झाली."

पुण्याच्या बाईंनी मान खाली घातली. सानियतने अगदी हळू ते रशियनमध्ये सांगितलं.

"आम्हीपण तेरा वर्षं नव्हतो," आमिनत म्हणाली. "सगळ्या गावाला इथून आगगाडीत भरून नेलं. फार लांब, सपाट मुलखात. ही भाषा मी तिकडेच शिकले. वाटेत एका स्टेशनावर गाडी थांबली. थोरला पाणी आणायला उतरला. गाडी सुटली."

"कसली गाडी? कोणी नेलं?" प्राध्यापकांनी विचारलं.

सानियतचा चेहरा पांढरा पडला होता. "कामासाठी," ती म्हणाली. "पूर्वी." आणि बाकीचं तिने भाषांतरात आणलं नाही.

म्हातारी उठली. सुगंधाचा हात धरून तिला दाराबाहेर घेऊन गेली. मागोमाग सानियत आली. वाटेच्या वळणावर पुरुषभर उंचीचा एक दगड उभा होता, एका बाजूने घासून सपाट केलेला. अक्षर नाही, आकडा नाही. आमिनतने त्यावर हात फिरवला, गाईच्या मानेवरून फिरवावा तसा.

"याच्याखाली काय आहे?" सुगंधाने विचारलं. विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तोच प्रश्न. पुरावा काय?

"काही नाही. माती," सानियतने सांगितलं. "ती म्हणते, परत आल्यावर पहिल्यांदा हा उभा केला, मग घर बांधलं. कारण रडायला जागा हवी."

म्हातारी आता सुगंधाकडे तोंड करून बोलत होती. सानियत ऐकत राहिली, मग म्हणाली, "ती विचारते, तुझ्या माणसाला आई आहे का?"

"आहे."

"मग ती कुठे रडते?"

सुगंधाने तोंड उघडलं. ती रडत नाही, आम्ही वाट पाहतो, असं सांगायचं होतं. पण शब्दांच्या आधी तिच्या डोळ्यांपुढे तुळसा उभी राहिली, पदर खोचून घाईघाईने कोणाच्या तरी दारी निघालेली.

मेढ्यात कोणी गेलं की तुळसा सगळ्यांच्या आधी पोचायची. शिंप्याची आत्या गेली, जिला तिने दोनदाच पाहिलं होतं, तेव्हाही जमिनीवर हात आपटून रडली. घरची माणसं गप्प झाली तरी हिचं चालूच. बायका तिच्या मागे हसायच्या, तुळसाकाकी आसा म्हणान मयताक शोभा. सुगंधाला त्याचा संकोच वाटायचा. एकदा तिने विचारलंही होतं, "आये, एवढ्या लांबच्या माणसाक इतक्या कित्याक रडतात?" तुळसा चुलीकडे तोंड करून म्हणाली होती, "रडू इला." सुगंधाने ते म्हातारपणाच्या खाती टाकलं होतं. ब्लडप्रेशर तपासून घ्यायला सांगितलं होतं.

तेरा वर्षं ती बाई दुसऱ्यांच्या अंगणात आपल्या लेकाला रडत होती. घरात सुनेच्या कपाळावर कुंकू होतं, तिथे रडायची सोय नव्हती. आणि सून शास्त्र शिकलेली, नेमकं निरीक्षण करणारी. झाडाच्या खोडावरून गाव कधी ओस पडलं ते सांगणारी.

"काय सांगू तिला?" सानियतने विचारलं.

"सांग..." सुगंधा म्हणाली. आमिनतने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने सुगंधाचा हात दगडावर ठेवला आणि वर आपला ठेवला. दगड उन्हाने कोमट झाला होता.

आगबोट मालवणच्या बंदराबाहेर थांबली तेव्हा गणपत होडी घेऊन आला होता. वाटेत तो रशियातल्या बोटींबद्दल विचारत राहिला आणि ती उत्तरं देत राहिली. किल्ल्याच्या तटाला बगल देऊन होडी वाळूला लागली, तर तुळसा गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने सुनेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "सुकलंस गो. भात गावलो नाय तुका?"

"गावलो, पण शिजलो नाय," सुगंधा म्हणाली.

संध्याकाळी ओटीवर आळी गोळा झाली. तुळसा एका बाजूला सुपात सुकट निवडत बसली. प्रश्नांना ऊत आला होता.

"थंय बांगडो गावता काय गो?"

"बांगडो खंयसून गावतलो? दर्या खंय आसा? मेंढरा आसत."

"मगे ती माणसा जगतत कशी?"

"घोडीचा दूध पितत," सुगंधाने सांगितलं, आणि बायकांनी एकदम शी केलं. एकीने विचारलं, "तू पिलंस?" "पिलंय," म्हटल्यावर तिच्याकडे सगळ्या अशा पाहू लागल्या की जणू ती आता खिंकाळेल.

तिने नाच सांगितले, बर्फ सांगितलं, न बोलणाऱ्या सुना सांगितल्या. आमिनतच्या घरापर्यंत ती आली, पोळ्यांवर लोणी ओतलं आणि थांबली.

"मगे?" तुळसाने सुपातून मान न काढता विचारलं. "त्या म्हातारेक झिल किती?"

"दोन होते. थोरलो हरवलो."

तुळसाची बोटं सुकटात तशीच राहिली. "गावलो?"

"नाय."

"मगे तिना काय केल्यान?"

सगळी आळी ऐकत होती. सुगंधाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. "एक दगड उभो केल्यान," ती म्हणाली. पण त्यापुढचं जे सांगायला ती इतक्या लांबून आली होती, ते राहूनच गेलं. कपाळावरचं कुंकू एकाएकी जड झालं. तिला हेही कळलं की आपण इतकी वर्षं पुराव्यासाठी अडून नव्हतो. भिकाजी गेला हे तिला केव्हाच ठाऊक होतं. पुतळा जळला की त्याची बायको असणंही जळणार होतं, आणि दोन वर्षांच्या संसारातलं तेवढंच तिच्याजवळ उरलेलं होतं.

तुळसा सूप उचलून आत गेली.

असे चार-सहा दिवस गेले. सुगंधा पुन्हा शाळेत जाऊ लागली. त्र्याण्णव अंश ऐकून नववीच्या मुलांनी बाकं बडवली. घरी दोघी कामापुरतं बोलत होत्या. तुळसा तांदूळ धुवायची, सुगंधा नारळ खवायची. शब्द रोज सकाळी तिच्या तोंडापर्यंत यायचा आणि करंडा उघडला की परत फिरायचा.

रविवारी सकाळी शेजारची बाई कुंपणापाशी येऊन ओरडली, "काकी, आयकलास? खालच्या वाडीतलो शिवा मेस्त गेलो. पहाटे."

"खंयचो शिवा?" सुगंधाने विचारलं.

"तो गो, होडये दुरुस्त करी तो. पाच वर्सा अंथरुणारच होतो. सुटलो बिचारो." आणि ती बाई तुळसाकडे पाहून हलकेच हसली. "काकी येतली मां? तुमच्याशिवाय कोण रडतला तेका?"

"येतंय," तुळसा म्हणाली. तिने हात धुतले, ओलं लुगडं बदललं, पदर खोचला. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. तहानलेलं माणूस विहिरीकडे निघावं तशी घाई होती. ओटीच्या पायरीवर ती चपला शोधू लागली.

सुगंधा दारात उभी होती. तिने सासूचा दंड धरला. किती बारीक झाला होता तो. बोटं पुरून उरत होती.

"सोड गो, उशीर होता."

"आये, तुमी थंय जाव नकात."

"कित्याक? माणूस गेलो थंय."

"आपल्या घरातलो पण गेलो," सुगंधा म्हणाली.

तुळसा वळली. मागल्या दारी जाळं विणत बसलेला गणपत उठून माजघरात आला आणि तिथेच थांबला.

तुळसा सुनेच्या कपाळाकडे पाहत होती, आणि अजूनही, तेवढ्यातही, तिची मान नाही-नाही अशी हलत होती, जणू सुनेला म्हणत होती की नको, माझ्यासाठी नको, तुका वाटात तेवा.

"ते येवचे नाय, आये," सुगंधा म्हणाली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावा तेवढा तिचा आवाज स्वच्छ होता. "गणपतभावजी, भटजींकडे जावा. पळसाची पाना आणूक सांगा. माझो होकार आसा."